सकाळच्या दोन मुठी

आधीच सांगते, मी तोंडाची फटकळ. जे पोटात ते ओठात, हे मी चारचौघांत मान वर करून सांगायचे. वीस वर्षं ससे पाळतेय. आसपासचे ससेवाले अडलं की माझ्याकडे येतात आणि माझ्यामागे मला 'डॉक्टरीण' म्हणतात. ते मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. अशा बाईनं चोरून काही केलं आणि वर मूग गिळून बसली, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच चार शब्द सुनावले असते. पण ते मीच केलंय.

आमची शेड घराच्या मागे आहे. पत्र्याचं छप्पर, मधून चालायला बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंना जाळीचे पिंजरे, एकावर एक तीन रांगांत. आमचे हे आणि भाऊजी बाहेरचं बघतात, म्हणजे गाडी, खाद्याची पोती, गिऱ्हाईक. आत माझं राज्य, माझ्या खालच्या रांगेची भांडी तेवढी हे भरून देतात. माझी पद्धत सरळ होती. सकाळी आठला गोळी खाद्यानं भांडी भरायची, दिवसभर संपेल तसं वर टाकायचं आणि अंधार पडायच्या आत उरलेलं काढून घ्यायचं, नाहीतर रात्री उंदीर ताव मारतात. आईपासून तोडलेल्या पिल्लांतली दहातली दोन हागवणीनं जायची. ससा म्हटला की ते आलंच, असं मी सगळ्यांना सांगत आले.

मग भाऊजींचं लग्न झालं, जरा उशिराच, आणि धाकटी घरात आली. ती आधी पशुखाद्याच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत कामाला होती. ती नोकरी सोडून आली. शांत बाई. हळू बोलते, पण बोलते ते कानात जाऊन बसतं. आल्यावर दुसऱ्याच महिन्यात तिनं जेवताना विषय काढला.

"वहिनी, पिल्लं आईपासून तोडली की पहिले तीन आठवडे खाद्य मोजून द्यायला हवं. पोटभर खातील त्याच्या पाचवा हिस्सा कमी. आणि दिवसातून एकदाच, संध्याकाळी."

"म्हणजे उपाशी मारायचं?"

"उपाशी नाही हो. त्यांचं पोट तेव्हा कच्चं असतं. एकदम भरलं की आत नासतं, फुगतं, हागवण लागते. तीन आठवड्यांनी हवं तेवढं द्यायचं. मग मागची कसर ती भरून काढतात. वजन जवळपास तेवढंच येतं आणि मांसाला चरबी कमी धरते."

"बाई गं! कालची आलेली, आणि मला ससे शिकवायला निघाली."

सगळे हसले. तीही हसली. पण आमचे हे हसता हसता म्हणाले, "करून बघू की अर्ध्या शेडमध्ये." झालं! आपला नवरा भर जेवणात दुसऱ्याच्या बाजूनं बोलला की घास गिळायचा की थुंकायचा तेच कळत नाही. मी गिळला.

डावी बाजू माझी, उजवी तिची. दोन्हीकडे चोपन्न पिल्लं, एका पिंजऱ्यात सहा. संध्याकाळी सात वाजता ती काटा घेऊन यायची, एकेका पिंजऱ्याचं खाद्य मोजायची, घालायची आणि वहीत लिहायची. सकाळी मी माझ्या बाजूला खाद्य घालायला गेले की उजवीकडची पिल्लं मागच्या पायांवर उभी राहून जाळीला नाक लावायची. भांडी चाटूनपुसून लख्ख. मी मान वळवायचे, पण कान कसे वळवणार? माझ्या बाजूचं कुरुमकुरुम त्यांनाही ऐकू जात असणार, हेच मनात यायचं.

चौथ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, मी बोळ झाडत होते. उजवीकडच्या वरच्या रांगेतलं एक पिल्लू बसल्या जागी कमरेत वाकलं, तोंड मागच्या पायांमध्ये घातलं आणि स्वतःची लेंडी खाल्ली. खाली पडायचीही वाट बघितली नाही. मग शेजारच्यानं तेच केलं. मग तिसऱ्यानं. वीस वर्षांत असलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या घरातलं जनावर भुकेनं आपली घाण खातंय! उद्या कुणी ससेवाला आला आणि त्यानं हे बघितलं तर? डॉक्टरणीच्या शेडमध्ये पिल्लं उपाशी, ही बातमी गावभर व्हायला कितीसा वेळ लागतो?

धाकटी तेव्हा शेडच्या दारातच कपडे वाळत घालत होती. हाक मारली असती तर पाच पावलं टाकून आली असती. दोन मिनिटांचं काम होतं. पण मी, आणि तिला विचारू?

मी माझ्या पोत्यातून मूठ भरली आणि त्या पिंजऱ्यात टाकली. मग दुसरी मूठ. मग पुढच्या पिंजऱ्यात. पिल्लं तुटून पडली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. अर्ध्या तासात सगळं फस्त, भांडी पुन्हा लख्ख. धाकटीला काही कळायचं कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं, आणि मग रोजच.

दया आली म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगत होते. दया होतीच, ती काही खोटी नव्हती. पण आज सांगते, तिच्यात चिमूटभर खुन्नसही मिसळलेली होती.

आठव्या दिवशी पहिली तीन पिल्लं मेली. पोटं टम्म फुगलेली, मागचे पाय घाणीनं माखलेले. मला वाटलं, भुकेनं आतडी सुकली. मी दोनाच्या चार मुठी केल्या. धाकटीला वाटलं, आपलं मापच अजून जास्त होतंय. तिनं संध्याकाळचं खाद्य आणखी थोडं कमी केलं. तिनं कमी केलं म्हणून मी मुठी आणखी दाबून भरल्या. आम्ही दोघी दोन टोकांनी ओढत होतो आणि मधे ती पिल्लं होती. त्या वेळी हे फक्त मला दिसू शकलं असतं, आणि मी बघितलं नाही.

तीन आठवड्यांत तिच्या बाजूची सतरा गेली. माझ्या बाजूची नऊ. चौथ्या आठवड्यापासून तिनं संध्याकाळी भांडी भरायला सुरुवात केली, तेव्हा मी माझ्या मुठी थांबवल्या आणि मरणंही थांबलं. "बघा," मी जेवताना म्हटलं, "पोटाला मिळालं तर जगली की नाही?" धाकटीनं ताटातून मान वर केली नाही. तिचे डोळे सुजलेले होते. ते मी बघितलं आणि भाकरी मोडून खाल्ली.

पिल्लं बारा आठवड्यांची झाली, तेव्हा हॉटेलचा आचारी मांस बघायला येणार होता. पसंत पडलं तर तो दर आठवड्याला आमच्याकडून घेणार होता. दोन्ही बाजूंचे तीन-तीन ससे खाटकाकडे न्यायचे ठरले. धाकटीनं आदल्या दिवशी मला बजावलं, "वहिनी, सकाळी कुणालाच काही घालायचं नाही. नुसतं पाणी. पोट हलकं असलं की आतडं फुटत नाही आणि मांस स्वच्छ राहतं."

माझ्या तिघांना मी काही दिलं नाही. तिचे तिघं मात्र टोपलीत घालताना माझ्या हाताला नाक घासायला लागले. त्या हाताची त्यांना सवय होती ना! फाशी जाणाऱ्यालासुद्धा विचारतात, बाबा तुला काय खायचंय. मी टोपलीत चार मुठी टाकल्या, आणि आम्ही निघेपर्यंत त्यांनी त्या संपवत आणल्या.

खाटकाच्या दुकानात पांढऱ्या फरशा, एक लांब ओटा, वर पंखा. आमचे सगळे तिथेच उभे. माझे तिघं झाले, आचारी मान डोलावत होता. मग धाकटीचा पहिला. खाटकानं सुरी लावली आणि थांबला.

"हा भरपेट जेवून आलाय की हो," तो म्हणाला.

त्यानं जपून हात घातला, पण पोट तटतटलेलं होतं. फुटलं. हिरवट लगदा पाठीच्या मांसावर पसरला आणि वास सुटला. दुसऱ्याचंही तेच. तिसरा ओट्यावर तसाच पडला होता, त्याला त्यानं सुरी लावलीच नाही. आचाऱ्यानं रुमाल नाकाला लावला आणि म्हणाला, "असलं माझ्या स्वयंपाकघरात येणार असेल तर राहू द्या. दोन्हीही राहू द्या. मी काय रोज बघायला बसणार आहे, कुठला कुणाचा ते?"

तो गेल्यावर भाऊजी खाटकासमोरच कडाडले. "वेळापत्रक, वेळापत्रक करून डोकं खाल्लंस सगळ्यांचं! सतरा मारलीस. आणि आज एक सकाळ उपाशी ठेवता आलं नाही तुला?"

धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता. ती फुटलेल्या आतड्याकडे बघत होती. "माझंच चुकलं असेल," ती म्हणाली. "काल संध्याकाळी जास्त पडलं असेल."

मी तिच्या शेजारी उभी होते. रिकामी टोपली माझ्या हातात. तळाशी दोन गोळ्या राहिल्या होत्या, त्या मी अंगठ्यानं दाबून चुरल्या. एकच शब्द लागत होता, 'मी'. एवढं तोंड माझं, एका शब्दासाठी उघडलं नाही.

पुढचे चार दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. खाई त्याला खवखवे, म्हणतात ते उगीच नाही. चहा गार झाला म्हणून ओरडले, दार वाजलं म्हणून ओरडले. धाकटी सरळ चालत होती, सरळ बोलत होती आणि तिनं जुन्या कारखान्याला पत्र टाकलं होतं. तिची जागा अजून रिकामी होती. आठवडाभर तिकडे राहायचं, सुट्टीला इकडे यायचं, असं भाऊजींशी ठरत होतं. भाऊजी हो म्हणत होते, नाही म्हणत होते, आणि शेवटी काहीच म्हणत नव्हते.

पाचव्या दिवशी दुपारी ती वही घेऊन स्वयंपाकघरात आली. रविवारी ससेवाल्यांची बैठक होती. तिच्या प्रयोगाचं काय झालं, ते सगळ्यांना ऐकायचं होतं.

"वहिनी, एवढं बघता? तुम्हाला यातलं जास्त कळतं."

मी चष्मा लावला. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'ही पद्धत आमच्याकडे फसली. चोपन्नातली सतरा पिल्लं गेली. कारण कळलं नाही. चूक माझी आहे. कृपया कुणी हे करू नका.'

आणि बघा माझा स्वभाव, तेव्हासुद्धा मी आधी स्वतःची बाजू शोधली. म्हटलं, "कारण कसं कळलं नाही? भूक. अगं, मी डोळ्यांनी बघितलंय. सकाळी दहाला पिल्लं स्वतःची लेंडी खायची. खाली पडायच्या आत. बिचारी."

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. "खातातच की वहिनी. सगळे ससे खातात. ती वेगळी असते, मऊ, द्राक्षाच्या घडासारखी. ती पोटात पुन्हा जायलाच लागते, तेव्हा कुठे खाल्लेलं अंगी लागतं. पोट भरलेलं असलं, निवांत असले, की खातात."

"माझे ससे नाही खात. वीस वर्षांत एकदाही नाही."

"तुमचे रात्री खातात. तुम्ही दिवसा खाद्य घालता ना? म्हणून त्यांचं ते काम रात्री होतं. माझ्यांना संध्याकाळी खाद्य, म्हणून त्यांचं सकाळी." आणि मग ती थोडं हसली, चार दिवसांत पहिल्यांदा. "तुम्ही बघितलंत? म्हणजे त्यांचं पोट तेव्हा ठीक होतं."

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं झालं. पिल्लं तृप्त होती. ती जेवण पचवत बसली होती आणि मी त्यांच्या भरल्या पोटात मुठी कोंबत होते. एका दिवशी नाही, रोज. ती मरायला लागल्यावर दुप्पट.

"मी घालत होते," मी म्हटलं.

"काय?"

"खाद्य. तुझ्या बाजूला. सकाळी. चौथ्या दिवसापासून तीन आठवडे पुरे होईपर्यंत. आणि खाटकाकडे न्यायच्या दिवशीही, टोपलीत."

वाटलं, ओरडेल. वाटलं, एक ठेवून देईल तर बरं होईल. ती उठली, बाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात काटा होता आणि खाद्याचा डबा.

"मूठ घाला काट्यावर."

"अगं..."

"तुमची मूठ म्हणजे किती ते मला माहीत नाही, वहिनी. घाला."

मी डब्यात हात घातला. अर्ध्या गोळ्या ओट्यावर सांडल्या. तिनं त्या गोळा केल्या आणि म्हणाली, "पुन्हा." तीन वेळा मोजून घेतलं. बेचाळीस ग्रॅम. तिनं लिहिलं. मग विचारत गेली. किती वाजता? आधी किती मुठी? चार कधीपासून? कुठले पिंजरे? तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानंच मी अर्धमेली झाले. मी एकेक उत्तर देत होते, शाळेत फळ्यासमोर उभी केलेली पोर देते तशी.

"वरच्या रांगेला?"

"हो."

"मधल्या?"

"हो."

"खालच्या?"

"तिथे नाही."

तिचं पेन थांबलं. तिनं मागची पानं उलटली, एकेका ओळीवर बोट ठेवत गेली आणि मग वही माझ्याकडे फिरवली. वरच्या रांगेत गेलेली नऊ. मधल्या रांगेत आठ. खालच्या रांगेत अठरातली अठरा जिवंत.

"मला वाटायचं, खाली गारवा असतो म्हणून," ती म्हणाली. आणि मग तिचे डोळे भरून आले. "एकदा विचारलं असतंत मला. एकदाच."

तिला घरात येऊन पाच महिने झाले होते. मी तिला कपडे वाळले का, दूध तापलं का, एवढंच विचारलं होतं.

मग डोळे पुसून तिनं विचारलं, "बैठकीत काय वाचू? चुकून जास्त खाद्य पडलं, असं लिहू? लोक तुमच्याकडे येतात, वहिनी."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. 'चुकून' किती छोटा शब्द आहे. त्याच्याआड सगळं मावलं असतं. मग मला तिचं ते वाक्य दिसलं, 'चूक माझी आहे'. त्याखाली तिनं सहीसुद्धा केली होती.

"चुकून नाही," मी म्हटलं. "मोठ्या जावेनं चोरून घातलं, असं लिही."

त्या रात्री जेवताना मी दोघा भावांना सांगितलं. ह्यांनी पाण्याचा पेला उचलला तो तसाच धरून ठेवला. भाऊजी बायकोकडे बघत राहिले. "मी तुला सगळ्यांसमोर..." एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "जेवा आधी." माझ्याकडे कुणी बघितलं नाही, आणि त्याबद्दल मी मनातून आभार मानले.

शनिवारी धाकटी खालच्या रांगेतले दोन ससे खाटकाकडे घेऊन गेली. सकाळी मी शेडकडे फिरकलेसुद्धा नाही. परत आली तेव्हा वहीत चार ओळी जास्त होत्या : पोट हलकं, मांस घट्ट, मूत्रपिंडाभोवतीची चरबी कमी, वास नाही.

रविवारी बैठक खाद्याच्या गोदामात होती. वीस-बावीस जण पोत्यांवर बसलेले. मी पुढच्या पोत्यावर बसले, कारण मागे बसले असते तर सगळ्यांच्या माना वळल्या असत्या. धाकटीनं उभं राहून वाचलं. नेहमीच्या हळू आवाजात, काही गाळलं नाही. मोठ्या जावेनं, चोरून, सकाळी दहा वाजता, आधी दोन मुठी, नंतर चार. मूठ बेचाळीस ग्रॅम. मला वाटत होतं, तोंडावर पदर ओढावा, पण मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. कानशिलं तापली होती. ज्यांना मी वीस वर्षं 'दहातली दोन जातातच' असं सांगितलं, ते सगळे माझ्याकडे बघत होते.

तिनं रांगांचे आकडे वाचले, तेव्हा सगळ्यात म्हाताऱ्या ससेवाल्यानं हात वर केला. त्याला कुठेही थट्टा सुचते.

"डॉक्टरीणबाई, एक सांगा. वरच्यांचे एवढे लाड केलेत, मग खालची काय सावत्र होती का?"

गोदामभर हशा पिकला. धाकटीनं वहीतून मान वर केली. हे तिनं मला विचारलं नव्हतं.

"गुडघा दुखतो माझा," मी म्हटलं. "खाली वाकता येत नाही."

लोक आणखी मोठ्यानं हसले. म्हातारा मांडीवर थाप मारून हसला. मग मागच्या कोपऱ्यातलं हसू थांबलं, मग मधलं. म्हाताऱ्याच्या तोंडावरचंही हळूहळू उतरलं.

"म्हणजे," तो म्हणाला, "गुडघा धड असता तर..."

"तर तीही मेली असती," मी म्हटलं. "ज्यांच्यापर्यंत माझा हात पोचला नाही, तेवढीच जगली."

धाकटीनं पान उलटलं आणि खालच्या रांगेची वजनं वाचायला सुरुवात केली.